कल्ल्यातले कॉपेपॉड: आकारावर जाऊ नका, आधी तोंड बघा

फोंड्याची_शुभा

नमस्कार मंडळी. मासेमारी बंदी उठली, बोटी सुटल्या आणि मडगावच्या घाऊक मार्केटात पुन्हा क्रेट लागायला लागले. दर वर्षी या सुमारास मी टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांना कापून टाकलेले कल्ले गोळा करायला पाठवते. मासळी विकणाऱ्या बायका आता मुलांना ओळखतात. "बाय, तुजे किडे काडून दवरल्यात," म्हणत पिशवी पुढे करतात.

ते किडे म्हणजे परजीवी कॉपेपॉड. कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले, कवचधारी. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेमुळे गोव्यात कॉपेपॉड म्हटलं की आधी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आठवतात, आणि ते साहजिक आहे. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतूनच ती संस्था १९६६ साली उभी राहिली आणि त्या मोहिमेत प्लवकांचे नमुने ढिगांनी गोळा झाले. पण जगात कॉपेपॉडांच्या १३ हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या दुसऱ्या कुठल्या तरी प्राण्याच्या अंगावर किंवा अंगात राहतात. माशांवरच्याच दोन हजारांहून अधिक. आपण रोज जे मासे चिरतो त्यांच्यावरही त्या असतात.

मुलं नमुना आणतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, हा कसला दिसतो?" मी सांगते, कसला दिसतो ते सोड, त्याचं तोंड दाखव. या प्राण्यांचं शरीर राहणीप्रमाणे इतकं बदलतं की दोन अगदी दूरच्या कुळांतल्या माद्या सारख्या दिसतात आणि एकाच जातीचे नर-मादी एकमेकांचे कुणीच लागत नाहीत असं वाटतं. वर्गीकरण टिकतं ते तोंडाची रचना, स्पर्शिका, पाय आणि अळीच्या अवस्था यांवर. मला या धाग्यात नेमकं हेच बोलायचं आहे. तुम्ही काय काय पाहिलंय तेही लिहा.

सासष्टीकर

शुभाताई, छान विषय. मागे बांगडा साफ करताना कल्ल्याच्या झाकणाखाली बोटाच्या पेराएवढा पांढरट प्राणी निघाला होता. पाय होते, डोळे होते. घरातल्यांनी त्या दिवशी बांगडा खाल्ला नाही. माशाची जीभ खाणारा म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतो, तोच का हा?

फोंड्याची_शुभा

नाही, आणि तो कॉपेपॉडही नाही. तो आयसोपॉड, सायमोथॉइड कुळातला. बांगड्याच्या आणि मोठ्या डोळ्यांच्या बुगडीच्या कल्ल्यांच्या पोकळीत नॉरिलेका इंडिका नावाची जात सापडते, वर्णनावरून तीच शक्यता जास्त. फोटोतली जीभ खाणारी सायमोथोआ एक्सिग्वा अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची. तिचा आपल्या बांगड्याशी संबंध नाही.

फरक हाताशीच असतो. आयसोपॉडला टोकाला आकडे असलेल्या पायांच्या सात जोड्या, अंगावर स्पष्ट वलयं, आणि मादीची अंडी पोटाखालच्या पिशवीत. कॉपेपॉडची मादी अंडी अंगाबाहेर मागे लोंबणाऱ्या दोन पिशव्यांत वागवते. कल्ल्याला चिकटलेल्या बारीक ठिपक्यामागे दोन शेवया लोंबताना दिसल्या की समजायचं, कॉपेपॉडची मादी सापडली.

आणखी एक फसवा पाहुणा म्हणजे आर्ग्युलस. तळ्यातल्या माशांवर चपटा, दोन गोल चूषकं असलेला जो प्राणी असतो तो. जुन्या पुस्तकांत त्याला कॉपेपॉडांतच धरलेलं दिसेल. आता तो ब्रँकिउरा या वेगळ्या गटात आहे, आणि त्याचे जवळचे नातलग निघाले पेंटास्टोमिड, म्हणजे सापांच्या वगैरे फुप्फुसांत राहणारे परजीवी. आर्ग्युलस अंडी अंगावर वागवत नाही, यजमान सोडून दगडा-काडीला चिकटवतो.

कुटबणचो_तांडेल

आमी किडे बघायला बसत नाही बाय, पण दर्यात दिसतं ते सांगतो. मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, पंखाच्या कडेला काळपट, चपटे, एकाला एक लागून बसलेले असतात. नखानं खरवडले तरी सुटत नाहीत. आणि सेलफिश, उडते मासे यांच्या अंगातून काळे दोरे बाहेर आलेले असतात, टोकाला पिसासारखं. ओढला तर तुटतो, मुंडकं आत राहतं. त्या दोऱ्यावर कधी कधी शिंपल्यासारखं आणखी काहीतरी वाढलेलं असतं.

फोंड्याची_शुभा

बाब, तुम्ही दोन ओळींत दोन कुळं सांगितलीत.

मोरीच्या पंखावरचा पँडारस. शार्कवर राहणारे कॉपेपॉड हा मोठाच विषय आहे: काही पंखांवर, काही कल्ल्यांच्या पडद्यांत, काही नाकपुडीत. ग्रीनलंड शार्कच्या तर डोळ्याच्या बुबुळावर ओमॅटोकॉइटा इलाँगाटा नावाची जात कायमची चिकटून राहते.

तो काळा दोरा म्हणजे पेनेला. डोकं माशाच्या मांसात खोल रुतलेलं, तिथे फांद्यांसारखे नांगर फुटलेले, म्हणूनच ओढल्यावर तुटतो. बाहेरचं पीस हे तिचं उदर. देवमाशांवर राहणारी पेनेला बॅलेनॉप्टेरी ३० सेंटीमीटरच्या आसपास वाढते आणि कॉपेपॉडांत सगळ्यांत मोठी मानली जाते. दोऱ्यावर वाढलेलं म्हणालात ते बार्नॅकल, काँकोडर्मा. परजीवीच्या अंगावर बिऱ्हाड करून राहणारा आणखी एक कवचधारी! पुढच्या वेळी असा दोरा दिसला तर मांसासकट कापून ठेवाल का? डोकं शाबूत असल्याशिवाय जात ठरवता येत नाही.

पेनेलाची लहानपणची अवस्था दुसऱ्याच प्राण्यावर जाते, बहुधा माणक्यांवर, म्हणजे स्क्विडवर. तिच्याच कुळातल्या लर्नीओसेरा ब्रँकिआलिसची गोष्ट उत्तर अटलांटिकमध्ये नीट अभ्यासली गेली आहे. अळी आधी चपट्या माशाच्या कल्ल्यावर वाढते, तिथेच नर-मादी जुळतात, मग फलित मादी पोहत जाऊन कॉड माशाच्या कल्ल्यात शिरते. तिथे तिचं शरीर वलयं टाकून देतं, फुगतं, इंग्रजी एस अक्षरासारखं वळतं, आणि डोकं रक्तवाहिनीतून थेट हृदयालगतच्या फुगीर भागापर्यंत पोचतं. ही मादी कुणापुढे ठेवली तर तो तिला कवचधारी म्हणेल का?

लिनियसनेही म्हटलं नाही. लर्निआ हा गट त्याने कृमींत टाकला होता. १८३२ साली फॉन नॉर्डमनने अशा प्राण्यांच्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या पाहिल्या. तीन जोड्या पायांची, एका डोळ्याची नॉप्लिअस अळी, अगदी मोकळ्या कॉपेपॉडांसारखी. अळीने आईचं कूळ सांगितलं. हा प्रसंग मी वर्गात दर वर्षी सांगते आणि दर वर्षी तितकाच आवडतो.

टीवाय_झूलॉजी

मॅडम, मी तुमच्या कॉलेजची नाही, बार्देशातली आहे. आमच्या नोट्समध्ये परजीवी कॉपेपॉडांचे गण कॅलिगॉइडा आणि लर्निओपोडॉइडा असे दिलेत. ऑनलाइन बघितलं तर सायफोनोस्टोमॅटॉइडा. एका ठिकाणी पोइसिलोस्टोमॅटॉइडा वेगळा गण आहे, दुसरीकडे तो सायक्लोपॉइडात. परीक्षेत काय लिहू?

फोंड्याची_शुभा

सगळंच कुठून ना कुठून खरं आलेलं आहे, फक्त वेगवेगळ्या सालचं.

१८५९ मध्ये थोरेलने तोंडावरून तीन भाग केले: चावणारं तोंड, नळीचं तोंड, आणि या दोन्हींत न बसणारं तिसरं. त्याचा पाया पक्का होता. पण १९०३ मध्ये सार्सने जी मांडणी केली ती जास्त चालली, आणि तुझ्या नोट्समधली नावं त्याच परंपरेतली. त्यात परजीवींना त्यांच्या रूपावरून, राहणीवरून वेगळं काढलं होतं.

ती घडी १९७९ मध्ये काबाताने मोडली. झ्बिग्न्येव काबाता हा माणूस दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या भूमिगत सेनेत लढला, नंतर स्कॉटलंडमध्ये मासेमारी बोटीवर राबला, तिथेच शिकला आणि पुढे कॅनडात नानाइमोच्या संशोधन केंद्रात गेला. ब्रिटिश माशांवरच्या परजीवी कॉपेपॉडांवरच्या ग्रंथात त्याने पुन्हा तोंड हाच आधार धरला. ज्यांच्या वरच्या आणि खालच्या ओठांची मिळून नळी होते आणि तिच्यातून दातेरी काडीसारखे जबडे पुढे येतात ते सायफोनोस्टोमॅटॉइडा. ज्यांचं तोंड उघडी फट असतं आणि जबडा कोयत्यासारखा वळलेला असतो ते पोइसिलोस्टोमॅटॉइडा.

माशांवरची बहुतेक मोठी कुळं पहिल्या गणात येतात. कॅलिगिडी, पेनेलिडी, लर्नॅन्थ्रोपिडी, लर्निओपोडिडी ही त्यातलीच. दुसऱ्यात अर्गॅसिलिडी, बोमोलोकिडी, काँड्रॅकँथिडी वगैरे.

मग २००४ मध्ये बॉक्सहॉल आणि हॅल्सी यांनी पोइसिलोस्टोमॅटॉइडा सायक्लोपॉइडात विलीन केला, कारण तो सायक्लोपॉइडांच्याच झाडावरची फांदी आहे असं रचनेवरून दिसत होतं. २०१७ मध्ये डीएनएवर आधारलेल्या एका शोधनिबंधाने हे विलीनीकरण पुन्हा मांडलं, पण इतरांनी त्यातली माहिती तपासल्यावर त्रुटी निघाल्या आणि तो निबंध २०२० मध्ये मागे घेतला गेला. निबंध गेला म्हणून २००४ चा रचनेवरचा युक्तिवाद पडत नाही, पण वाद मिटला असंही कुणी म्हणू नये. परीक्षेत सायफोनोस्टोमॅटॉइडा आणि सायक्लोपॉइडा लिही, आणि पोइसिलोस्टोम कुळं आधी स्वतंत्र गणात होती अशी एक ओळ जोड. तपासणाऱ्याला दोन्ही बाजू माहीत असल्याचं कळेल.

मांडवीतीर

पण ताई, आता कल्ला कापून किड्याच्या सीओआय जनुकाचा (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) क्रम लावला की नाव मिळतं. पायावरचे केस मोजत बसण्यात मुलांची वर्षं का घालवायची? मी स्वतः रेणवीय जीवशास्त्रात आहे, म्हणून मनापासून विचारतोय.

फोंड्याची_शुभा

क्रम लावून नाव तेव्हाच मिळतं, जेव्हा साठ्यात त्या जातीचा क्रम नीट ओळखलेल्या नमुन्यावरून आधी घातलेला असतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी जाती पिल्लईंच्या १९८५ च्या भारतीय प्राणिसंपदेच्या खंडात केवळ चित्रांवरून आणि वर्णनांवरून ठरलेल्या आहेत. केरळच्या एन. कृष्ण पिल्लईंनी समुद्री माशांवरच्या परजीवी कॉपेपॉडांचा तो जाडजूड ग्रंथ लिहिला नसता तर आपल्याला बोट ठेवायला जागाच नव्हती. त्याच्याही आधी मुंबईच्या माशांवर बॅसेट-स्मिथने १८९८ मध्ये नव्या जाती वर्णिल्या, आणि पन्नाशीच्या दशकात मुंबईतूनच रांगणेकरांचे निबंध आले. त्यांच्या हातात भिंग आणि सुई होती. क्रम लावल्यावर शेवटी पडताळून बघायचं ते त्यांच्याच चित्रांशी.

आणि डीएनएची खरी मदत कुठे होते ते सांगते: अवस्था जुळवायला. कॅलिमस हे नाव एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र प्रजाती म्हणून दिलं गेलं होतं. नंतर कळलं की ती कॅलिगिड कुळाच्या पिल्लांचीच अवस्था आहे. अर्गॅसिलिडीत फक्त मादी माशावर बसते, नर आयुष्यभर पाण्यात मोकळा. लर्निओपोडिडीत इवलासा नर मादीच्या अंगावर चिकटलेला. असे नातलग एकत्र आणायला क्रमासारखं साधन नाही. तुम्ही आणि आम्ही एका टेबलावर बसायला हवं, एवढंच माझं म्हणणं. खांडेपारच्या पुलाअलीकडे कधी आलात तर कॉलेजात या.

मांडवीतीर

पटलं. येतो. पूर्ण नमुना आधी काढून ठेवायचा आणि क्रमासाठी एकच पाय वापरायचा, अशी पद्धत आम्ही करू शकतो. उरलेला प्राणी संग्रहात राहील.

चोणकवाला

माझा प्रश्न पोटापाण्याचा आहे. खाडीत पिंजऱ्यात चोणक (जिताडा) वाढवतो. गेल्या हंगामात मासे जाळीला अंग घासायला लागले, खाणं कमी झालं, अंगावर लाल चट्टे. कल्ले उघडले तर लालसर लांबट किडे. पिल्लं देणाऱ्या पुरवठादाराने सांगितलं की पाणी बदललं की जातात. गेले नाहीत. बऱ्याच माशांचं नुकसान झालं.

फोंड्याची_शुभा

वाईट वाटलं वाचून. हंगामाची मेहनत असते त्यात.

तुमच्या वर्णनात दोन वेगळे परजीवी असू शकतात. कल्ल्यातला लालसर लांबट तो लर्नॅन्थ्रोपस असावा. चोणकावर लर्नॅन्थ्रोपस लॅटिस ही जात प्रसिद्धच आहे. ती कल्ल्याच्या तंतूला घट्ट धरते, तिसऱ्या पायाचे मांसल पदर तंतूभोवती येतात, आणि ती रक्त पिते. कल्ले फिके पडले होते का, ते आठवून बघा.

अंग घासणं आणि चट्टे हे मात्र जास्त करून कॅलिगसचं काम. तो कातडीवर फिरतो, शेंबूड आणि कातडी खातो, आणि जखमेतून जिवाणू शिरतात. कॅलिगस एपिडेमिकस ही जात नावाप्रमाणेच साथीशी जोडलेली आहे. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माशांच्या मरतुकीच्या संदर्भात ती वर्णिली गेली आणि चोणकाच्या शेतीतही ती नोंदलेली आहे. मचूळ पाण्यातही ती राहते, म्हणून पावसात खाडीचं पाणी उतरलं की आपोआप सुटका होईल यावर विसंबू नका.

पाणी बदलून का जात नाही ते जीवनचक्रात आहे. अंड्यातून नॉप्लिअस निघते, तिच्या दोन अवस्था पाण्यात तरंगत जातात, खात नाहीत. मग कॉपेपॉडिड, हीच मासा शोधून चिकटते. मग कॅलिमस, कपाळातून निघालेल्या धाग्याने माशाला बांधलेली. त्यानंतर प्रौढ होऊन मोकळी फिरते. नॉर्वेतल्या सॅल्मनच्या लेपिओफ्थीरसला १० अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ व्हायला नराला सुमारे ४० आणि मादीला ५२ दिवस लागतात. आपलं पाणी त्याहून कितीतरी उबदार, म्हणजे चक्र आणखी झटपट. एका पिंजऱ्यात मोठे आणि लहान मासे एकत्र असले तर मोठ्यांवरची अंडी सतत लहानांना पुरवठा करत राहतात.

नॉर्वेत म्हणूनच मोजून काढतात. सरासरी प्रति मासा ०.५ प्रौढ माद्यांची मर्यादा आहे, वसंतात ती ०.२ वर आणतात, आणि एका भागातले सगळे पिंजरे एकदम रिकामे ठेवून विश्रांती देतात. औषधाचा भाग मत्स्यरोगाच्या जाणकाराशी बोलूनच करा. पण शेजारच्या पिंजरेवाल्यांशी ठरवून एकाच वेळी मासे सोडणं-काढणं आणि दर आठवड्याला थोडे मासे काढून मोजणं हे तुमच्या हातातलं आहे.

सासष्टीकर

शेवटी आमच्यासारख्यांनी काय करायचं? असा मासा खायचा की नाही?

फोंड्याची_शुभा

खायचा. हे कॉपेपॉड माणसाला लागत नाहीत. कल्ले आपण टाकतोच, कातडीवरचे धुऊन जातात, पेनेलासारखं काही मांसात असेल तर तेवढा भाग कापून टाका. कच्च्या माशातून माणसाला त्रास देणारे ते अॅनिसॅकिससारखे गोलकृमी, ते वेगळेच. आपलं हुमण उकळल्यावर तोही प्रश्न राहत नाही.

कुटबणचो_तांडेल

एक विचारतो. मार्केटातल्या माशावर तुमच्या पोरांना कातडीवरचे किडे कमी सापडतात, कल्ल्यातले जास्त. बोटीवर मात्र उलट, जाळं ओढलं की अंगावर बारीक पारदर्शक धावणारे पुष्कळ.

फोंड्याची_शुभा

बाब, या धाग्यातलं सगळ्यांत मोलाचं निरीक्षण हे आहे. कॅलिगस मोकळा फिरणारा, चपट्या अंगाने कातडीला धरून असतो. जाळ्यात घासाघीस झाली, बर्फ आणि पाणी पडलं, की सुटून जातो. कल्ल्यातले रुतलेले असतात म्हणून ते मार्केटपर्यंत पोचतात. म्हणजे मार्केटातून गोळा केलेल्या यादीत कॅलिगिड कायम कमीच दिसणार, आणि आपण समजणार की गोव्याच्या माशांवर ते कमी आहेत. बोटीवरचा नमुना हवाच. तुमच्या ओळखीच्या बोटीवर मुलांना एखादा दिवस घेतील का?

कुटबणचो_तांडेल

घेतील. मुलींना पण. पहाटे जेटीवर यावं लागेल.

टीवाय_झूलॉजी

मी येणार! मॅडम, नमुना कसा ठेवायचा ते सांगा ना.

फोंड्याची_शुभा

जाळ्यातला मासा लगेच वेगळ्या पिशवीत. एका पिशवीत एकच मासा, नाहीतर कुठला किडा कुणाचा हे कळत नाही. पिशवीच्या तळाचं पाणीही गाळून बघ, सुटलेले कॅलिगस तिथे असतात. कल्ल्यातले चिमट्याने ओढू नकोस, तंतूसकट काप, घरी सुईने सोडव. मांडवीतीर यांना द्यायचे ते ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, बाकीचे ७० टक्क्यांत. फॉर्मॅलिन नको, त्यात डीएनए खराब होतो.

बघताना लॅक्टिक आम्लाचा थेंब. त्यात अंग हळूहळू पारदर्शक होतं आणि आतले सांधे दिसायला लागतात. १९६४ मध्ये ह्यूम्स आणि गुडिंग यांनी सांगितलेली लाकडी स्लाइडची पद्धत अजून तितकीच उत्तम आहे: लाकडाच्या पट्टीला भोक, खालून काच, त्या काचेला लटकता थेंब आणि थेंबात प्राणी, हवा तसा उलटवता येतो. कॅलिगिड असला तर आधी कपाळाच्या कडेला बघ. दोन अर्धवर्तुळाकार चूषकं असतील तर कॅलिगस, नसतील तर लेपिओफ्थीरसची बाजू तपास. मग पोटाच्या मध्यावरचा दुपाखी काटा, मग चौथ्या पायावरचे काटे मोज. जबड्याच्या पात्यावर साधारण १२ दात असतात, तेही मोज, सवय लागते.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने. यजमान माशाचं नाव, जागा, तारीख, आणि किडा कुठे होता: कातडी, पंख, तोंड, की कितव्या कल्ल्याच्या कमानीवर. बाहेरच्या लेबलची शाई अल्कोहोल लागलं की पुसते.

चोणकवाला

ताई, भिंगातून बघितलं. कातडीवरच्याला कपाळाच्या कडेला दोन्ही बाजूंना गोल गोल आहेत. कल्ल्यातल्याला नाहीत, त्याच्या मागे लांब दोन धागे, आत अंडी एकाच ओळीत. कल्ले फिके होते, तुम्ही विचारलं ते बरोबर.

फोंड्याची_शुभा

म्हणजे कातडीवर कॅलिगस, आणि कल्ल्यातला लर्नॅन्थ्रोपसच असण्याची दाट शक्यता. जात ठरवायला नमुने हवेत. दोन्ही वेगळ्या बाटल्यांत भरा, आत चिठ्ठी टाका, आणि तेवढ्यात प्रत्येक माशामागे अंड्यांसह माद्या किती ते मोजून वहीत लिहायला लागा. टीवाय, तू आणि माझी दोन मुलं मिळून शनिवारी यांच्या पिंजऱ्यावर जा. बोटीची तारीख तांडेल बाब कळवतील ती इथेच टाकते.